हातातल्या चपला

नर्मदावैनीच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला, असं सारं गाव म्हणतंय. म्हणू द्या. मी या गावची आशाताई हाय, घरोघरी दवापाण्याचं बघणारी, त्या पायाची पट्टी माझ्यासमोर सुटायची अन् माझ्यासमोर बांधली जायची, म्हणून मी सांगते. अंगठा निम्मा साखरेनं गेला अन् निम्मा शरमेनं. अन् पाय कशानं वाचला, हे तर मला कुणी इचारतबी न्हाई.

माझं नाव गीताबाई. पिंगळी टेशनावर उतरून आत आलं की आमचं गाव लागतंय. शिरताना अगोदर आमची वस्ती अन् विहार, त्याला लागून उपकेंद्र, मग पार, अन् पाराच्या पल्याड जुन्या घरांची आळी. म्हणजे आळीतल्या बाईला दवापाण्याला यायचं तर पारापुढूनच यावं लागतंय. मागून ओढ्याची वाट हाय, पण तिथं बाभळीचे काटे अन् साऱ्या गावाची घाण. तिकडून दुखणेकऱ्यानं काय म्हणून यावं?

पार म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा लिंबाचा ओटा. सकाळी चहा झाला की गावातले म्हातारे तिथं येऊन बसतेत ते जेवायलाच उठतेत. आळीतल्या सुनांना तिथून जायचं असलं की त्या पार यायच्या आधीच थांबतेत, चपला काढून हातात घेतेत, पदर कपाळाच्या खाली ओढतेत अन् मान घालून भिंतीच्या कडंकडंनं निघून जातेत. पार सरला की चपला पुन्हा पायात. का म्हणून इचारलं तर म्हणतेत, देव हाय. अहो, त्याच देवासमोर बाप्ये मोटारसायकली उभ्या करतेत अन् चपला पायरीला टेकल्यावर काढतेत. देवाचं काही न्हाई त्यात, म्हाताऱ्यांचं हाय. अन् सून नवऱ्याच्या गाडीवर मागं बसली असली तर चपला पायात चालतेत बरं का. पायी चालली की इज्जत जाती. हा कुठला कायदा, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलं न्हाई.

मला याचा राग यायला कारण हाय. माझ्या माहेरी, आज्याच्या काळात, आमच्या लोकांनी, बाई असो का बाप्या, पारापुढून पायतान घालून जायचं न्हाई असा दंडक होता. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली अन् माझा आजा पायतान घालून पारापुढून गेला. घरी आला तो डोकं फुटून आला. दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधलं अन् पुन्हा गेला, पायतान पायातच. माझ्या बापानं ही गोष्ट आमाला जेवताना, झोपताना, कामाला लावताना, कवाबी सांगितली. म्हणून लगीन होऊन या गावात आले तवापासून मी पारापुढून चपला घालून जाते, अन् मुद्दाम वाजवत जाते.

तर नर्मदावैनी. दिनकररावांची थोरली सून, योगीराजभाऊची बायको. आळीतलं चांगलं जमीनजुमल्याचं घर. बाई उंच, हाडाची मजबूत, अन् आवाज तर असा की बांधावरून हाक मारली की दोन वावरं पल्याड चरणारा बैल मान वर करायचा. कापूस वेचायला आलेल्या बायांच्या रांगा तिनं नुसत्या आवाजावर चालवल्या. बी कोणतं घ्यायचं, सोयाबीन कवा काढायचं, हे योगीराजभाऊ तिला इचारून ठरवायचे अन् पारावर येऊन स्वतःच्या नावानं सांगायचे. तीच बाई पारापाशी आली की अशी आकसायची, मला वाटायचं हिची लहान बहीणच चालली की काय.

अन् कडकबी होती. मागच्या वर्षी सेलूची प्रियांका तिच्या लेकाची बायको होऊन घरात आली. पोरगी शिकलेली, लग्नाआधी रोज रेल्वेनं परभणीला कॉलेजला जाणारी. पहिल्याच आठवड्यात ती टाचेच्या सँडल वाजवत पारापुढून निघाली. वैनीनं मागून येऊन तिचं मनगट धरलं, आळीच्या तोंडाशी चार बाया बघत असताना तिला खाली बसवलं अन् पट्टे सोडायला लावले. पोरगी रडली. मी वैनीला म्हणलं, कशाला हो? तर मला म्हणली, "मी एवढी जिंदगी काढली तवा तिला काय होतंय?" मला लय राग आला होता, पण दुसऱ्याच्या घरात मी काय बोलणार?

वैनीला साखर निघाली ती उपकेंद्रातल्या तपासणीत. मशीनवरचा आकडा बघून आमच्या सिस्टरचं तोंड उतरलं. वैनीनं माझा हात दाबला अन् म्हणली, कुणाला बोलू नको. का, तर साखर म्हणजे बसून खाणाऱ्या बाईचं दुखणं, लोक नावं ठेवतील. गोळ्या तिनं जिऱ्याच्या डब्यात दडवल्या. पुढं एकदा हसत हसत मला सांगायली होती की चालताना तिची चप्पल पायातून निघून मागं राहती अन् तिला कळतच न्हाई, लोकं हाका मारून सांगतेत. ती हसायली होती अन् मी तिच्या पायाकडं बघायले होते. पायाचं भान गेलं होतं तिच्या. काटा मोडला तरी कळू नये अशी.

त्यात गावानं सिमेंटचा रस्ता केला. अगोदर पारापुढं माती होती, लिंबाच्या सावलीची, थंडगार. रस्ता झाला, नारळ फुटला, पेढे वाटले, मीबी खाल्ला. पण आपल्या परभणीचा उन्हाळा तुमाला ठाऊक हाय. दुपारच्याला त्या सिमेंटवर भाकर टाकली तर पापुद्रा सुटावा. बाकीच्या सुना चपला हातात घेऊन तिथून पळतच जायच्या, हसायच्या, उड्या मारायच्या. वैनी हळूहळू जायची, नेहमीसारखी, मान खाली घालून. तिला भाजतच नव्हतं ना.

मे महिन्यात ती गोळ्या न्यायला आली अन् बाकड्यावर बसली. तवा मला तळवे दिसले. पांढरेफटक फोड, एक फुटून लोंबायलेला. मी म्हणलं, वैनी, हे कुठं भाजलं? ती म्हणली, कुठं काय? पाय वर करून बघितला अन् ती बघतच राहिली. दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तशी.

घरी सांगा म्हणलं तर सांगेना. फडकं बांधून शेतात जात राहिली. आठ-पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले अन् म्हणलं, दाखवा पाय. मी खाली बसून हात पुढं केला तर तिनं झटक्यात पाय आत घेतला. म्हणली, "नको, हात नको लावू." माझं डोकंच फिरलं. असं पाय ओढून घेणं आमच्या लोकांनी लय बघितलंय. मी तिथंच तोंडावर इचारलं, "का, माझा हात लागला तर बाटतंय का तुमाला?"

तिचे डोळे भरले. पदर तोंडात धरून म्हणली, "वास येतोय गं पायाला. तुला वास यावा अन् तू नाक धरावं, याची शरम वाटायलीय."

 मी तिचा पाय मांडीवर घेतला. वास येत होता. मी नाक धरलं न्हाई, पण डोळ्यातून पाणी आलं ते वासानं का कशानं, मला सांगता यायचं न्हाई. तिनं मान भिंतीकडं फिरवली ती मी जाईपर्यंत इकडं केली न्हाई.

पुढं परभणीचा दवाखाना झाला. अंगठा काढला. डॉक्टर चांगले होते, समजावून बोलले. काळ्या जाड पट्ट्यांच्या, मऊ तळव्याच्या चपला घ्यायला लावल्या अन् सांगितलं, अनवाणी एक पाऊल टाकायचं न्हाई, घरातबी न्हाई. पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार न्हाई, पाय काढावा लागंल. योगीराजभाऊंनी ऐकलं, मी ऐकलं, वैनीनंबी ऐकलं. ती मात्र त्या चपलांकडं बघायली होती. मला हळूच म्हणली, बाप्याच्या हायत की गं या.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांना तिनं सांगितलं, नख सडलं होतं म्हणून थोडं कापलं. पाय सदा लुगड्याच्या काठाखाली. रात-दिवस काम करून घर उभं केलेल्या बाईला एका अंगठ्याची एवढी लाज. चोरी करताना धरली असती तरी एवढी लाजली नसती.

पट्टी बदलायला दिवसाआड उपकेंद्रात यायचं होतं. सुरुवातीला योगीराजभाऊंनी गाडीवर आणलं. मग सोयाबीनची कापणी लागली, मळणी यंत्राची वाट बघत त्यांना शेतातच थांबावं लागायचं. ते म्हणले, एवढ्याशा वाटंला काय गाडी लागती, पायी जात जा. माणूस वाईट न्हाई. पण त्यांनी पाराचा इचारच केला न्हाई, कारण त्यांना आयुष्यात कवा पारापुढं चपला काढाव्या लागल्या न्हाईत.

त्या दिवशी मी उपकेंद्राच्या दारात उभी होते अन् वैनी येताना बघितली. पार यायच्या आधीच थांबली. वाकली. ते जाड पट्टे सोडले. अन् पट्टी बांधलेला पाय तापल्या सिमेंटवर टेकवत, चपला हातात घेऊन आली. पट्टी बदलायला येताना पट्टीच फाडून आणली बाईनं. सिस्टर तिला बोलली त्याच्या दुप्पट मी बोलले. मी म्हणलं, तुमच्या सासऱ्याला जाऊन सांगते, सून चपला घालून जाईल म्हणून. तर तिनं माझे दोन्ही हात धरले. माझ्या पायाची गोष्ट पारावर नको, म्हणली. त्यापरीस मेलेली बरी मी. मी म्हणलं, मग तुमीच घाला ना गुमान. तवा तिनं खरं सांगितलं.

"प्रियांकाला मीच रडवून काढायला लावल्या गीताबाई. आता माझ्यावर आली म्हणून मी कोणत्या तोंडानं घालू?"

मी सिस्टरच्या हातात नवी पट्टी काढून दिली. 

मग ती येत राहिली तशीच. मी तिच्या घरी तिला घ्यायला जायची, दोघी संगं यायचो. बघा काय तमाशा होता. वस्तीतली बाई चपला फटफट वाजवत रस्त्याच्या मधून, अन् दिनकररावांची थोरली सून अनवाणी, भिंतीच्या कडंनं, एका हातात पदर अन् एका हातात चपला. माझ्या आज्यानं बघितलं असतं तर हसला असता का रडला असता, देव जाणे. मला मात्र तिच्या शेजारून चालायची शरम वाटायली. आपल्या चपलांचा आवाज पहिल्यांदा मला नको झाला.

दिवाळीच्या तोंडाला जखमेच्या कडंला काळं दिसायला लागलं. सिस्टर म्हणली, आता हे वाढलं तर मी हात लावायची न्हाई, सरळ परभणी. परभणी म्हणजे काय, ते तिघींनाबी कळत होतं. वैनी त्या दिवशी घरी गेली ती जेवली न्हाई, असं प्रियांकानं मला सांगितलं.

पुढच्या खेपेला मी आणायला गेले तर प्रियांका म्हणली, मीबी येते, त्यांचा तोल जायलाय. आमी तिघी निघालो. पावसाळा सरून जे ऊन पडतंय ते मे महिन्याच्या उन्हाचं भाऊबंदच असतंय. रस्ता नुसता पेटलेला. पारावर म्हातारे बसलेले, मधोमध दिनकरराव, पागोटं मांडीवर घेऊन.

पार यायच्या आधीच वैनी थांबली. प्रियांकानं न बोलता आपल्या सँडल काढल्या अन् डाव्या हातात घेतल्या. वैनीला वाकता येईना, तर तीच पोरगी सासूच्या पायाशी बसली. पट्ट्याला हात लावला अन् वर बघून इचारलं, "आई, सोडू का?"

वैनीनं खाली बघितलं. प्रियांका उकिडवी बसली होती अन् तिचे पाय एका जागी टिकत नव्हते. हा उचल, तो टेकव, तो उचल, हा टेकव. तळवे भाजायले होते पोरीचे. तोंडातून हूं का चूं न्हाई, चेहरा सुनंसारखा शांत ठेवलेला, अन् खाली पायांचा असा नाच. वैनीच्या स्वतःच्या पायांनी तिला ते कवा सांगितलं नव्हतं, आता दुसरीच्या पायांनी सांगितलं. ती बघतच राहिली.  

"राहू दे," ती म्हणली.

प्रियांकाला कळलं न्हाई. वैनी तिला वळसा घालून पुढं निघाली, पट्टे तसेच बांधलेले, अन् त्या जाड काळ्या चपलांचा धप धप आवाज सिमेंटवर व्हायला लागला. मी मागून पळत तिच्या बरोबरीला आले. ती भिंतीच्या कडंनंच चालत होती. मान तशीच खाली.  पारावरचं बोलणं थांबलं. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मला लय आनंद होईल. आनंद कुठला, मी नुसती तिच्या पायाकडं बघत चालले.

दिनकररावांना दोन्ही डोळ्यांनी आता अंधूकच दिसतंय, माणसं ते आवाजावरून ओळखतेत. माझ्या चपलांचा आवाज त्यांना पाठ हाय. त्यांनी मान वळवली अन् इचारलं, "गीते, तुज्यासंगं कोन बाप्या चाललाय गं?"

मी तोंड उघडलं होतं. पण वैनी थांबली. तिनं पदर सोडला न्हाई, मान वर केली न्हाई, पण आवाज निघाला तो बांधावरचा.

"मी हाय, मामंजी. नर्मदा."

"कोन नर्मदा?"

ते कुचकटपणानं म्हणले न्हाईत. त्यांना खरंच उमगलं न्हाई. त्या घरात तिला सारी जिंदगी थोरली म्हणूनच हाक मारली होती. मी वैनीकडं बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

"तुमची थोरली," ती म्हणली. "माज्या पायाचा अंगठा काढलाय. अनवाणी चाललं तर पाय काढतेत. म्हनून चपला हायत." मग मागं न वळताच म्हणली, "प्रियांका, घाल पायात. लय भाजायलंय खाली."

मागं सँडलच्या पट्ट्यांचा आवाज झाला.  पारावर कुणीतरी खाकरलं. दिनकररावांनी मांडीवरचं पागोटं उचललं, पुन्हा ठेवलं, अन् म्हणले, "जावा, जावा. ऊन हाय."

एवढंच. जावा, ऊन हाय. माझ्या टाळक्यात रक्त चढलं. या तीन शब्दांसाठी बाईचा अंगठा गेला होता. उन्हाळ्यात कुणी हेच म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं? मला तिथंच उभं राहून साऱ्या पाराला ऐकवायचं होतं, अन् मी ऐकवलंबी असतं. पण वैनीनं माझं मनगट धरलं, तसंच, जसं प्रियांकाचं धरलं होतं, अन् मला ओढत पुढं नेलं.

उपकेंद्राच्या भिंतीला टेकून ती खाली बसली. मी वाट बघायले होते की आता तिच्या तोंडावर काहीतरी दिसंल. सुटल्याचं, जिंकल्याचं. तसलं काही नव्हतं.  म्हणली, "लय शरम वाटायलीय गं गीताबाई. मेल्यावानी झालंय. साऱ्यांदेखत अंगठ्याचं बोलले मी." प्रियांका शेजारी बसली, पायात सँडल, अन् तिलाबी कुठं बघावं कळत नव्हतं. सासूनं सुनंकडं बघितलं न्हाई, सुनंनं सासूकडं न्हाई.

मी तिला हिमतीच्या चार गोष्टी सांगणार होते. माझ्या आज्याची गोष्ट तर ओठावरच होती. तेवढ्यात तिच्या डाव्या हाताकडं माझं लक्ष गेलं. चपला पायात होत्या, पट्टे घट्ट होते. पण हात तसाच कमरेपाशी, बोटं वाकडी करून धरलेला, चपलांचे पट्टे अडकवलेले असावेत तसा. पारापुढून ती तशीच आली होती.

"वैनी," मी म्हणलं, "सोडा आता. हातात काही न्हाई."

तिनं हाताकडं बघितलं. मग प्रियांकाला दिसू नये म्हणून तो पदराखाली घेतला.